किती घोडे निघाले?

डायनोवरून, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून गाडीची ताकद मोजायच्या मशीनवरून, गाडी उतरली की पहिला प्रश्न हाच. आमच्या ग्रुपवर तर गाडीच्या फोटोआधी आकडा येतो, आणि मग त्याच्यावर दोन दिवस चालतं, कुणी म्हणतं हा डायनो जरा हॅपीच आहे, म्हणजे आकडा फुगवून दाखवतो, कुणी म्हणतं ट्यूनरने गंडवलं, कुणी लगेच आपला जुना कागद शोधून टाकतं. मला यात एकच गोष्ट खटकते. सगळे मधला ठळक आकडा बघतात, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात जे छापलेलं असतं, करेक्शन कुठलं, तापमान किती, हवेचा दाब किती, गिअर कुठला, स्मूदिंग किती, ते फोटो टाकताना क्रॉपच करून टाकतात. तो कोपरा नसेल तर मधल्या आकड्याला कवडीची किंमत नाही, आणि नाशिकमध्ये तर अजिबातच नाही. का ते सांगतो.

भाच्याने मे महिन्यात त्याची पोलो, एक लिटर टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोलवाली, स्टेज वन करून घेतली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारा रिमॅप, अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये. "मामा चल ना, तुला कळतं यातलं" म्हणून मलाही ओढत नेलं. पुढची चाकं रोलरवर, मागच्या चाकांना ठोकळे, दोन्ही बाजूंनी रॅचेटचे पट्टे आवळलेले, समोर बोनेटकडे तोंड करून भला मोठा पंखा, शटर अर्धवटच उघडं कारण धूर बाहेर जायला हवा पण ऊन आत यायला नको. ऑपरेटर आत बसला, एसी बंद, चौथा गिअर, दीड हजार आरपीएमपासून पेडल एकदम खाली. मग काही सेकंद नुसता आवाज, शेडचे पत्रे थरथरतायत, कोणी कोणाशी बोलत नाही, आणि रेडलाइनजवळ पाय काढला की रोलर आपला सावकाश सुटत जातो. स्क्रीनवर दोन रेघा. रिमॅपच्या आधी 96 होते. नंतरच्या रनला भाचा तिथूनच ओरडला, "मामा, 128!"

कोपऱ्यात होतं: एसएई 1.11, स्मूदिंग 5. एसएई म्हणजे इंजिनिअरांच्या संस्थेचा करेक्शनचा नियम, स्मूदिंग म्हणजे रेघ किती गुळगुळीत करून छापली ते.

आता 128 हे काय आहे? पहिली गोष्ट, रोलरवाला डायनो इंजिनची ताकद थेट मोजतच नाही. एक प्रकार असतो नुसत्या जड ड्रमचा, ड्रमचं वजन आणि आकार माहीत असतो, तो किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून पॉवर काढतात. दुसरा प्रकार लोडवाला, त्यात एडी करंटचा ब्रेक ड्रमला धरून ठेवतो आणि धरायला किती जोर लागला ते लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर, सांगतो. मूळ कल्पना जुनीच आहे, फ्रान्समध्ये प्रोनीने 1821 साली फिरत्या शाफ्टला लाकडी ब्रेक लावून ताकद मोजली होती, ब्रेक हॉर्सपॉवर म्हणजे बीएचपी हे नाव या ब्रेकवरूनच आलं. पण दोन्ही प्रकारात मोजलं जातं ते चाकाशी पोचलेलं. कंपनीच्या ब्रोशरमधले 110 पीएस हे क्रँकवरचे, म्हणजे थेट इंजिनच्या शाफ्टवरचे, इंजिन बेंचवर ठेवून मोजलेले. मधे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्हशाफ्ट आणि रोलरवर चेपला जाणारा टायर, सगळे आपापला वाटा खातात.

युनिटचा घोळ वेगळाच. पीएस म्हणजे 735.5 वॉट, इंग्लिश एचपी म्हणजे 745.7 वॉट, म्हणजे 110 पीएसचे साधारण एकशे साडेआठ एचपी होतात. दीड टक्क्याचाच फरक, पण लोक दीड घोड्यासाठी भांडतात म्हणून सांगितलं.

मुख्य मुद्दा तो 1.11. डायनोने प्रत्यक्ष जे मोजलं त्याला 1.11 ने गुणून 128 आलेत, म्हणजे त्या दिवशी चाकांवर खरे आले साधारण 115. हे गुणणं फसवणूक नाहीये, नियमानेच आहे. इंजिनची ताकद हवेवर अवलंबून, हवा गरम आणि विरळ असेल तर सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी जाणार, ताकद कमी निघणार. मग मुंबईची गाडी आणि नाशिकची गाडी एका पातळीवर आणायची तर ठरावीक हवा धरून आकडा सुधारायला लागतो. एसएई जे1349 मध्ये ती हवा आहे 25 अंश आणि 99 किलोपास्कल, तेही कोरडा दाब, म्हणजे वाफेचा दाब वजा करून.

आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर. तिथे हवेचा दाब 1013 मिलिबारच्या ऐवजी 943 च्या आसपास असतो. त्यातून वाफ वजा करा, मेच्या दुपारचे 38 अंश घाला, सूत्रात टाका, उत्तर येतं बरोब्बर 1.11 च्या जवळ. हीच गाडी डिसेंबरच्या सकाळी, निफाडकडे द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात तसल्या थंडीत, 15 अंशाला रोलरवर चढवली तर करेक्शन येईल 1.05 च्या आसपास. गाडी तीच, डायनो तोच. आणि यातला कोपरा गाडी ट्यून करणाऱ्यांपैकीही बरेच जण बघत नाहीत: टाइप अप्रूव्हलसाठी, म्हणजे नवीन मॉडेलच्या सरकारी मंजुरीसाठी, जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, आयएसओ 1585 वगैरे, त्यात पेट्रोल इंजिनचं करेक्शन 0.93 ते 1.07 च्या आतच असायला हवं असं म्हटलंय, त्याच्या बाहेर गेलं तर टेस्टची परिस्थिती रिपोर्टमध्ये नीट लिहून द्यावी लागते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी नाशिकला केलेला जवळजवळ प्रत्येक रन त्या मर्यादेच्या बाहेरच पडतो. सूत्र चुकत नाही, पण इतकं ताणून वापरायला ते बनवलेलंच नाही.

याचा साध्या पेट्रोल गाडीवर काय परिणाम होतो बघा. 1.2 ची पेट्रोल स्विफ्ट, के सिरीजवाली, ब्रोशरला 83 पीएस. मेच्या दुपारी नाशिकला क्रँकवरच 75 उरतात, गाडी एकदम ठणठणीत असली तरी. त्यातून गिअरबॉक्स-टायरचे 15 टक्के गेले की चाकांवर 64. करेक्शन बंद करून रन केला आणि 64 दिसले की मालकाला घाम फुटतो, कॉम्प्रेशन गेलं, रिंग गेल्या, इंजिन खोलायला लागणार. आमच्या इथे एकाने खरंच त्याच्यावर इंजेक्टर क्लिनिंगपासून काय काय करून घेतलं. 64 ला 1.11 ने गुणा, 71 येतात, त्यात 15 टक्के नुकसान परत धरा, आले की 83. गाडीला काही झालेलं नव्हतं.

टर्बोचं मात्र उलट. टर्बो गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बूस्टचं म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचं टार्गेट धरून चालतो, बाहेरची हवा विरळ असली की टर्बाइन जरा जास्त फिरवून कसर बऱ्यापैकी भरून काढतो. म्हणजे नाशिकच्या हवेमुळे टर्बो गाडीचं नुकसान पूर्ण 11 टक्के झालेलंच नसतं, पण सॉफ्टवेअर आपलं बिनटर्बोचं सूत्र लावून 11 टक्के भरपाई देऊन मोकळं. त्यामुळे भाच्याचे खरे घोडे 115 आणि 128 च्या मधे कुठेतरी आहेत. कुठे ते सांगायला बूस्टचा लॉग लागेल. म्हणून मी टर्बोवाल्यांना कायम सांगतो की दोन्ही प्रिंट मागा, करेक्शनवाली आणि विनाकरेक्शनवाली, त्याला वेगळा रन लागत नाही, एक बटण दाबायचंय. डिझेलचं तर सूत्रच वेगळं आहे, त्यात प्रत्येक सायकलला लिटरमागे किती इंधन जातं आणि टर्बोचा दाब किती पट आहे हे दोन्ही येतं, आणि इथल्या डिझेलच्या कागदांवर सर्रास पेट्रोलचंच सूत्र लावलेलं दिसतं.

करेक्शनमध्ये अजून दोन गमती आहेत. एक म्हणजे कागदावर एसटीडी लिहिलंय का एसएई. एसटीडी म्हणजे जुनं जे607, त्यात थंड हवा आणि जास्त दाब धरलेला, त्यामुळे तोच रन एसएईपेक्षा साधारण 4 टक्के जास्त दिसतो. काहीच न करता चार-पाच घोडे खिशात. दुसरं म्हणजे दाब आणि तापमान घेतलं कुठून. बऱ्याच डायनोला स्वतःचं सेन्सर असतं. पण ते हातानेही भरता येतं, आणि ऑपरेटरने मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमधून दाब भरला तर तिथे 1006 वगैरे दिसतो, कारण अॅपवाले समुद्रसपाटीला आणून दाब दाखवतात. मग करेक्शन भलतंच कमी. उलट, तापमानाचा प्रोब पंख्यापासून लांब, गाडीच्या गरम हवेत लटकत असेल आणि 38 ऐवजी 55 दाखवत असेल तर 1.11 चं 1.145 होतं. कोणी मुद्दाम करतं असं नाही, वायर तेवढीच पुरत असते.

आता ते 15 टक्के. भाच्याला वर्कशॉपवाल्याने सांगितलं, "चाकांवर 128 म्हणजे क्रँकला 150 आरामात." हा हिशोब 128 भागिले 0.85. आकर्षक आहे, पण नुकसान असं सरळ टक्क्यात वाढत नाही. गिअरच्या दातांमधलं घर्षण टॉर्कबरोबर काही प्रमाणात वाढतं, पण ऑइल घुसळण्यात आणि टायरच्या चेपण्यात जे जातं ते मुख्यतः वेगावर आणि टायरच्या हवेवर अवलंबून, आणि रिमॅप केला म्हणून टायर काही वेगळा फिरत नाही. आधी 96 होते, ब्रोशरला 110, म्हणजे 14 गेले असं धरलं आणि तेवढेच 14 परत घातले तर 142 होतात. 150 आणि 142, मधे कुठेतरी. आणि हे सगळं 128 खरे धरून, जे खरे नाहीत हे वर झालंच. काही डायनो रन संपल्यावर क्लच दाबून रोलर स्वतःहून थांबेपर्यंतचा ड्रॅग मोजतात आणि तो परत मिळवतात, शेवटी पाय काढल्यावर रोलर सुटत जातो तो याच्यासाठी. ठोकळ टक्क्यापेक्षा ते बरंच बरं. पण पट्टे जरा जास्त आवळले किंवा टायरमध्ये हवा कमी असली तरी आकडा हलतो, त्यामुळे दोन वेगळ्या डायनोचे आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात माझा तरी वेळ जात नाही. लोडवाले डायनो ड्रमवाल्यांपेक्षा कमी दाखवतात हे तर जगजाहीर आहे.

मग कागदाचा उपयोग काय? फरकाचा. पिंपळगावला कांद्याचा ट्रॅक्टर आधी भरलेला काट्यावर चढतो, मग रिकामा, आणि पैसे मिळतात ते दोन्हीतल्या फरकाचे, ट्रॅक्टरचं वजन नेमकं किती याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. डायनोचं तसंच. त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये 96 चे 128 झाले म्हणजे 33 टक्के वाढ, आणि विनाकरेक्शन 86.5 चे 115 केले तरीही 33 टक्केच. हा आकडा मला पटतो. भाचा मात्र 150 च सांगत फिरतो, मित्रांसमोर 33 टक्के कोण सांगणार.

तरी आधी-नंतरमध्येही हात मारता येतो. आधीचा रन करताना इंजिन तापलेलं, बोनेट बंद, पंखा कोपऱ्यात. नंतरचा रन करताना मधे अर्धा तास चहा, बोनेट उघडं, पंखा थेट इंटरकूलरवर, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या रेडिएटरवर. इनटेकची हवा गरम झाली की ईसीयू नॉकच्या म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याच्या भीतीने स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, लगोलग तीन पुल म्हणजे रन मारले तर तिसऱ्याला पॉवर आपोआप पडलेली दिसते, गाडीत काही न बदलता. त्यामुळे दोन्ही रनच्या सुरुवातीचं इनटेक एअर टेम्परेचर विचारायचं, गाडीच्या ओबीडी म्हणजे डायग्नोस्टिक सॉकेटवरून दिसतंच. ते सांगायला कोणी टाळाटाळ केली तर समजून जायचं.

खोटा किंवा गंडलेला ग्राफ ओळखायचा एक सोपा हिशोब आहे, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम भागिले 7024 बरोबर पीएस. ग्राफवर कुठलाही आरपीएम घ्या, टॉर्कच्या रेघेवरून पॉवर काढा, पॉवरच्या रेघेशी जुळली पाहिजे. भाच्याच्या ग्राफला 2500 ला 225 एनएम दिसतात, हिशोब येतो 80, आणि रेघही 80 च्या आसपास, म्हणजे ग्राफ सरळ आहे. अमेरिकन ग्राफमध्ये एचपी आणि पाउंड-फूट असतात, तिथे दोन्ही रेघा एकाच स्केलवर असतील तर 5252 आरपीएमला एकमेकींना छेदल्याच पाहिजेत. न्यूटन मीटर आणि पीएसमध्ये तो छेद 7024 ला येणार, म्हणजे आपल्या बहुतेक गाड्यांत येतच नाही, इंजिन तोवर जातच नाही. मेट्रिकचा ग्राफ टाकून कुणी 5252 ला छेद शोधत बसलं तर त्याला हे पाठवा.

या हिशोबाने मागे ग्रुपवर एक जुनी स्विफ्ट डिझेल पकडली होती. 1.3 मल्टिजेट, मुळात 2000 ला 190 एनएम आणि 4000 ला 75 पीएसची. रिमॅपनंतर 1900 ला 250 एनएम म्हणून दाद चालली होती. 250 गुणिले 1900 भागिले 7024, साडेसदुसष्ट पीएस व्हायला पाहिजेत, आणि पॉवरची रेघ तिथे दाखवत होती 50. उलटं केलं तर 50 पीएसला 185 एनएम. आता 250 भागिले 185 करा, 1.35, आणि पाउंड-फूटचे न्यूटन मीटर करायचा आकडा आहे 1.356. माझा अंदाज असा की आकडा आधीच न्यूटन मीटरमध्ये होता आणि कुणीतरी तो परत एकदा गुणला. चाकांवर 185 म्हणजे त्या गाडीला चांगलेच आहेत खरं तर, पण 250 वाचल्यावर 185 कुणाला गोड लागतात.

ऑटोमॅटिकवाल्यांनी अजून एक बघायचं. पेडल दाबल्यावर गिअरबॉक्सने मधेच किकडाउन केला, म्हणजे खालचा गिअर टाकला, किंवा टॉर्क कन्व्हर्टर लॉक नव्हता, तर सुरुवातीला टॉर्कचा एक उंच सुळका येतो आणि लोक तोच पीक म्हणून मिरवतात. तो इंजिनचा नाहीच. आणि स्मूदिंग 5 म्हणजे सगळ्यात जास्त इस्त्री, त्यात असे सुळकेही सपाट होतात पण बूस्ट डळमळत असेल किंवा मधे नॉकमुळे खड्डा पडत असेल तर तोही दिसेनासा होतो. ट्यून तपासायची असेल तर स्मूदिंग कमीत कमी ठेवून प्रिंट घ्या, दिसायला ओबडधोबड येते पण खरं तिथेच दिसतं.

डायनो म्हणजे नुसती मिरवायची गोष्ट असंही नाही हां. 1999 ची फोर्ड मस्टँग कोब्रा, कंपनी म्हणत होती 320 एचपी, मालकांनी रोलरवर चढवून बघितली तर आकडा काही केल्या जुळेना. शेवटी फोर्डने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावून इनटेक मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट बदलून दिले. माझदाने 2001 च्या मियाटाचा 155 चा आकडा खाली आणला आणि ज्यांना गाडी नको त्यांच्याकडून परत घ्यायची तयारी दाखवली. हे झालं कारण एक-दोघांचा नाही, बऱ्याच गाड्यांचा आकडा एकसारखा कमी येत होता.

आपल्या कामाचं बोलायचं तर पीक पॉवर हा सगळ्यात कमी कामाचा आकडा. पोलोचे 128 येतात साडेपाच हजारला, आणि तिथे भाचा महिन्यातून किती वेळ असतो ते त्याच्या क्लचला विचारा. कसारा घाट चढताना कंटेनरच्या मागून बाहेर पडायचं असतं तेव्हा इंजिन असतं दोन ते साडेतीन हजारात. त्या पट्ट्यातल्या आधीच्या आणि नंतरच्या रेघांमधली जागा बघा, किती जाड आहे. तिथेही एक मेख आहेच, हलक्या ड्रमवर गाडी इतक्या पटकन वर जाते की टर्बोला भरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे खालचा टॉर्क घाटात मिळतो त्यापेक्षा कमी दिसतो. लोडवाल्या डायनोवर रन सावकाश घेतला तर तोच टॉर्क चारपाचशे आरपीएम आधी येतो.

कुणी एकच गाडी मुंबईला आणि नाशिकला, दोन्हीकडे रोलरवर चढवली असेल, टर्बो असो वा नसो, तर दोन्ही कागद पाठवा. करेक्शन उणे करून दोन्ही एका ग्राफवर काढून टाकतो. फक्त फोटो क्रॉप करू नका.